डबलडेकरचा कंडक्टर आणि आपली खुर्ची

तर मंडळी, या शनिवारी आधी एक कोडं.

साल १९४९. शहर लंडन. महायुद्ध संपून चार वर्षं झालीयेत, पण रेशनिंग अजून चालूच आहे. रस्त्यावरून लाल डबलडेकर बस चाललीय. या बसवर रोज दोन माणसं ड्युटीला असतात. एक ड्रायव्हर. तो पुढच्या छोट्याशा केबिनमध्ये एकदा चढून बसला की पाळी संपेपर्यंत जवळजवळ तिथेच. दुसरा कंडक्टर. तो गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून दिवसभर खालून वर आणि वरून खाली. दोघांचा मालक एक, वर्दी एक, डेपोचं कॅन्टीन एक. दोघं एकाच शहराचा धूर खातात, साधारण एकाच प्रकारच्या घरांतून आलेत, आणि पगारातही आभाळ-पाताळाचा फरक नाही.

आता प्रश्न. या दोघांपैकी हार्ट अटॅकने जास्त कोण मरतं?

तुम्ही म्हणाल, यात कोडं कसलं? ड्रायव्हर! आज शाळेतलं पोरगंही सांगेल. पण गंमत अशी की १९४९ साली भल्याभल्या डॉक्टरांना हे छातीठोकपणे सांगता आलं नसतं. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला कित्येक आठवडे पलंगावर सक्त झोपवून ठेवायची तेव्हा पद्धत होती. हृदय म्हणजे नाजूक पंप, त्याला जितकं कमी राबवाल तितका तो जास्त टिकेल, असा एकूण हिशोब.

'रोज अर्धा तास चाला' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याला काही वजनच उरलेलं नाही. एचआरची मेल तेच सांगते, हेल्थ चेकअपच्या रिपोर्टखाली तेच छापलेलं असतं, सासूबाई तेच सांगतात आणि व्हॉट्सअॅपवरचे काका तर पहाटे साडेपाचला सांगतात. माझा इंजिनियरी किडा मात्र वेगळाच वळवळतो. हे पहिल्यांदा कोणाला कळलं? कुठल्या डेटावरून? आणि तो डेटा कोणी तपासून पाहिला का? शोधत गेलो आणि एका बसच्या जिन्यावर येऊन पोचलो. ती गोष्ट सांगतो.

हा प्रश्न ज्याने धसाला लावला त्याचं नाव जेरेमी मॉरिस. जवळच्यांसाठी जेरी. जन्म १९१० चा, लिव्हरपूलमधला. आईवडील पोलंडकडून आलेले ज्यू स्थलांतरित. लहानपण गेलं ग्लासगोमध्ये, गरिबीत. डॉक्टर झाला, महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात गेला आणि त्या नोकरीतला काही काळ भारतातही काढला. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 'सोशल मेडिसिन'चं एक छोटं युनिट काढलं आणि त्याची सूत्रं मॉरिसकडे दिली. सोशल मेडिसिन म्हणजे काय? तर एका पेशंटची नाडी धरून बसण्याऐवजी अख्ख्या समाजाची नाडी बघायची. कोणत्या कामाची, कोणत्या वस्तीतली माणसं कशाने आजारी पडतात, ते मोजायचं.

तो काळही तसाच होता. टीबी, न्यूमोनिया यांवर औषधं हाती येत होती आणि त्याच वेळी चांगली धडधाकट, पन्नाशीची माणसं छातीत कळ येऊन पटापट जात होती. का, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ मध्येच याचा मोठा अभ्यास सुरू झाला. लंडनमध्ये डॉल आणि हिल या जोडीने १९५० मध्ये सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवलं. मॉरिसने हृदय धरलं. त्याला वाटत होतं की माणसाच्या कामाचा याच्याशी काहीतरी संबंध असावा. नेमका कोणता, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग डेटा कुठून आणायचा? सर्व्हे पाठवायला ना ईमेल, ना फॉर्म. त्याने सरळ मोठमोठ्या नोकरदार संस्था गाठल्या, कारण तिथे आजारपणाच्या रजा, मृत्यू, प्रकृतीमुळे सोडलेली नोकरी, सगळ्याची नोंद असते. लंडन ट्रान्सपोर्टच्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष कामगारांच्या १९४९-५० मधल्या नोंदी त्याच्या टीमने चाळल्या.

आणि आकडे आले. ड्रायव्हरांमध्ये वर्षाला दर हजारी २.७ जणांना हृदयरोगाचा पहिला झटका, कंडक्टरांमध्ये १.९. म्हणजे कंडक्टरांना सुमारे ३० टक्क्यांनी कमी. शिवाय ज्यांना झटका आला, त्यांतले पहिल्या तीन दिवसांतच दगावणारे बघितले, तर तिथे ड्रायव्हरांचं प्रमाण कंडक्टरांच्या दुपटीहून जास्त. कंडक्टरांना झटका येत होताच, पण कमी येत होता, उतारवयात येत होता, आणि आला तरी ते त्यातून जास्त वाचत होते.

दोघांत फरक काय होता? ड्रायव्हर पाळीचा जवळपास ९० टक्के वेळ बसून. कंडक्टर दिवसाला साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. बस्स.

आता इथे आपल्यातला कोणीही चाणाक्ष माणूस हात वर करेल. "थांबा! ड्रायव्हरला लंडनच्या ट्रॅफिकचं टेन्शन असतं, ते कुठे धरलंत?" रास्त शंका आहे. आपल्याकडे हिंजवडीच्या चौकात संध्याकाळी साडेसहाला गाडी चालवणाऱ्याला तर ती पहिली सुचेल. :) मॉरिसलाही ती सुचली होती. म्हणून त्याने दुसरीकडे पडताळा घेतला. पोस्ट खातं आणि सरकारी नोकर. एका बाजूला सायकलवर किंवा पायी टपाल वाटणारे पोस्टमन, दुसऱ्या बाजूला त्याच खात्यात बसून काम करणारे टेलिफोन ऑपरेटर, कारकून, अधिकारी. इथे ट्रॅफिक नाही, स्टिअरिंग नाही. तरी चित्र तेच. हिंडणाऱ्यांना कमी, बसणाऱ्यांना जास्त. हे सगळं मिळून १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं.

लोकांना लगेच पटलं असेल असं वाटतं का? छे! शंकेखोर बरेच होते आणि त्यांच्याकडे एक चांगला मुद्दाही होता. समजा, जाड माणसंच ड्रायव्हर व्हायला जातात आणि सडपातळ, चपळ माणसं कंडक्टर होतात. मग रोग खुर्चीमुळे नाही, मुळातल्या प्रकृतीमुळे. खुर्ची बिचारी उगाच बदनाम. आपल्या भाषेत सांगायचं तर बग कोडमध्ये नाही, इनपुटमध्येच आहे.

याचं उत्तर शोधायला मॉरिसने जे केलं ते मला फार आवडलं. त्याने पॅन्टी मोजल्या!

लंडन ट्रान्सपोर्ट आपल्या माणसांना वर्दी शिवून देत असे. म्हणजे प्रत्येकाच्या कमरेचं माप रजिस्टरमध्ये आयतं लिहिलेलं. १९५६ मध्ये त्याच्या टीमने याच मापांवर पेपर छापला आणि त्याच्या नावातच 'वर्दीचं साथरोगशास्त्र' असा मिश्कील उल्लेख केला. त्यात काय निघालं? शंकेखोरांचं अर्धं खरं होतं. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच जास्त होत्या, आणि तेही अगदी पंचविशी-तिशीच्या तरुण ड्रायव्हरांपासून. म्हणजे निवडीतच थोडा फरक होता. पण मग बारीक कमरेचे ड्रायव्हर आणि बारीक कमरेचे कंडक्टर, जाड ड्रायव्हर आणि जाड कंडक्टर अशी समोरासमोर तुलना पुढे होत गेली. बारीक असो, मध्यम असो की जाड, कंडक्टरच सरस ठरला. वजन महत्त्वाचं आहेच, पण फक्त वजनाने सगळा फरक समजत नव्हता.

इथे जरा थांबतो, कारण या पॅन्टींपाशी मला एक चेहरा आठवतो. आमच्या टीममधला एकजण. वय ३४. अंगाने काटकुळा, सिगरेट नाही, दारू नाही. कॉलेजच्या क्रिकेट टीमचा ओपनर. दीड वर्षापूर्वी एका रिलीजच्या आठवड्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. दोन दिवस तो 'अॅसिडिटी आहे' म्हणत गोळ्या खात बसला. तिसऱ्या दिवशी रात्री बायकोने ऐकलं नाही, हॉस्पिटलमध्ये नेलं. एक शीर जवळजवळ बंद. स्टेंट टाकला, वाचला, आता ठणठणीत आहे. आम्हा सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच होतं, "अरे, पण तो तर बारीक आहे!"

बारीक असणं म्हणजे सुटका, ही आपली समजूत एका शिंप्याच्या रजिस्टरने कधीच ढिली केली होती. त्याला हे बसण्यानेच झालं असं मी म्हणत नाही. एका माणसाबद्दल तसं कोणालाच सांगता येत नाही. वरचे आकडे हजारोंच्या गटाचे आहेत. पण तो आणि आम्ही सगळे कोणत्या गटात बसतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दुसरी एक नेहमीची शंका. "आमचे आजोबा रोज तूप-भात खायचे, जिमचं तोंड पाहिलं नाही, तरी नव्वदीपर्यंत जगले!" माझेही आजोबा तसेच. पण आजोबांना जिम कशाला लागेल हो? विहिरीचं पाणी, शेताची वाट, बाजाराचा गाव दीड कोस. त्यांची जिम दिवसभर चालू होती, फक्त तिची फी नव्हती. मॉरिसने १९५८ मध्ये छापलेलं आणखी एक काम इथे लागू पडतं. देशभरातल्या हॉस्पिटलांमधल्या पॅथॉलॉजिस्टांकडून त्याने ४५ ते ७० वयाच्या पुरुषांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी गोळा केल्या आणि त्या कामाच्या प्रकारानुसार लावल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर बैठं काम करणाऱ्यांत आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांत साधारण सारखाच होता. पण हृदयाच्या स्नायूवरचे जुन्या झटक्यांचे मोठे व्रण? ते मेहनत करणाऱ्यांत स्पष्टपणे कमी. म्हणजे शारीरिक कामाने नळीतला गाळ जादूने साफ होत नाही, पण त्या गाळामुळे होणारा घात मात्र कमी होतो.

आता कोणी म्हणेल, हे आपल्याला आधीपासूनच माहीत होतं. खरं आहे, एका अर्थाने होतंच. चरकसंहितेत प्रमेहाची कारणं सांगताना सुखाने बसून राहणं आणि सुखाने लोळणं यांचा उल्लेख येतो. इटलीत रामाझिनी नावाच्या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पेशंटला 'तू काम काय करतोस?' हे विचारलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. शिंपी, चांभार अशा बसून काम करणाऱ्यांना त्याने सांगितलं की बाबांनो, निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवा. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच प्रकारची न थांबणारी हालचाल आणि डोक्यावरचा ताण. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आपलं जॉब डिस्क्रिप्शनच लिहून ठेवलंय की हो!

पण शहाण्या माणसाला जाणवणं वेगळं आणि हजारो माणसांवर मोजून दाखवणं वेगळं. जाणिवेवर वाद घालता येतो. मोजलेल्या गोष्टीवरही घालता येतो, पण मग समोरच्यालाही मोजावं लागतं. मॉरिसने हा वाद मोजणीच्या मैदानात आणला, हे त्याचं खरं काम.

पुढचा प्रश्न मात्र आपल्या जिव्हाळ्याचा आहे. कंडक्टर आणि पोस्टमन यांना कामातच व्यायाम मिळतो, ठीक. पण ज्याचं कामच बसण्याचं, त्याने काय नोकरी सोडून तिकिटं फाडायची? संध्याकाळी, सुट्टीत केलेला व्यायाम चालतो का?

१९६८ ते १९७० या काळात मॉरिसच्या टीमने ४० ते ६४ वयाच्या सुमारे १७,००० सरकारी अधिकाऱ्यांना गाठलं. सगळे टेबलावरचे, फायलीत मान घालून बसणारे, थोडक्यात आपले पूर्वज. सोमवारी सकाळी त्यांच्या हातात अचानक एक फॉर्म आला: गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलंत ते पाच-पाच मिनिटांच्या हिशोबाने भरा. आहे की नाही टाईमशीट! फरक एवढाच की आपल्या टाईमशीटवर बिलिंग होतं, यांच्या टाईमशीटवर नंतरची वर्षानुवर्षं कोणाला झटका येतो याची नोंद ठेवली गेली.

१९७३ मध्ये पहिले निकाल आले. ज्यांच्या शुक्रवार-शनिवारमध्ये दम लागेल अशी हालचाल होती, म्हणजे पोहणं, टेनिस, झपाझप चालणं, बागेत खणणं, अशा लोकांचा धोका इतरांच्या साधारण एक तृतीयांश निघाला. १९८० च्या निकालात जास्त वर्षांचा हिशोब होता, तिथेही तो निम्म्याहून कमीच राहिला. म्हणजे बसायची नोकरी ही जन्मठेप नाही, जामीन मिळतो. अट एकच, थोडा तरी दम लागला पाहिजे. नुसतं खुडबुड करत, रेंगाळत फिरणाऱ्यांना या अभ्यासात फारसा फायदा दिसला नाही.

हे वाचल्यावर मला राहवलं नाही. एका सोमवारी मीही तसाच फॉर्म भरला. स्प्रेडशीट उघडली, शुक्रवार आणि शनिवार, पाच-पाच मिनिटांचे रकाने. शुक्रवारी पायावर असलेला वेळ ४५ मिनिटं, त्यातला बराचसा कॉफी मशीन, मीटिंग रूम आणि कॅब शोधण्यातला. दम लागलेला वेळ, लिफ्ट बंद होती म्हणून, ५ मिनिटं. शनिवार बरा निघाला, कारण मंडईत भाजी आणायला गेलो होतो आणि येताना दोन्ही हातांत पिशव्या होत्या. तुम्हीही एकदा भरून बघा. कोणाला दाखवायचा नाही, फक्त खरा भरायचा.

आणि आता या सगळ्या इतिहासातला मला सगळ्यात बोचलेला भाग. १९९० मध्ये याच टीमचा सरकारी नोकरांच्या दुसऱ्या तुकडीवरचा, नऊ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास छापून आला. त्यात एक प्रश्न असा होता की तरुणपणी खूप खेळलेल्या, पण आता सोडून दिलेल्या माणसांचं काय? उत्तर: काही शिल्लक नाही. आज जो हालचाल करतो त्यालाच संरक्षण. तिकडे अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर नावाच्या संशोधकाने हार्वर्डच्या सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला (१९७८). त्याला तेच दिसलं. कॉलेजच्या टीममधून खेळलेला पण नंतर खुर्चीला चिकटलेला माणूस धोक्यात, आणि कॉलेजात कधी मैदानावर न गेलेला पण पुढे व्यायामाला लागलेला माणूस फायद्यात. ही बँक व्याज तर सोडाच, जुनं मुद्दलही ठेवत नाही. तोच नियम उलटा वाचला तर दिलासाही आहे: जुनी थकबाकीही ती फार मनाला लावून घेत नाही. आज खातं उघडलं तर आजपासून जमा.

आमच्या त्या ओपनरला मी हे सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे माझे सगळे रन वाया?" मी म्हटलं, रन नाही वाया गेले, नवीन मॅच सुरू झालीय.

आपल्या लोकांसाठी यात घाई का आहे तेही सांगतो. ५२ देशांतल्या हार्ट अटॅकच्या पेशंटांवर 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या दक्षिण आशियाई लोकांचा आढावा २००७ मध्ये आला: आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, बाकीच्या देशांत सुमारे ५९ व्या. सहा वर्षं आधी! आणि कारणं? गूढ काही नाही. तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं गणित, ब्लडप्रेशर, डायबेटिस, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं वगैरे नऊ गोष्टींतच बहुतेक सगळा धोका मावतो. यातल्या बऱ्याचशा आपल्या हातातल्या आहेत.

मधल्या काळात जग मात्र उलट्या दिशेने गेलं. लंडनची प्रसिद्ध मागून चढायची, कंडक्टरवाली रूटमास्टर बस २००५ च्या डिसेंबरात नेहमीच्या सेवेतून गेली. मुंबईत १९३७ पासून धावणारी बेस्टची जुन्या धाटणीची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. टक् टक् करत जिना चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की काय गेलं. पॅफेनबार्गरने सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावरचे सहा हजारांहून जास्त गोदी कामगार २२ वर्षं अभ्यासले होते, त्यांच्या पाठीवरचं ओझं कंटेनर आणि क्रेनने उचललं. चांगलंच झालं, ओझी वाहणं ही काही सुखाची गोष्ट नव्हे. पण पूर्वी कामाबरोबर फुकट मिळणारी हालचाल प्रत्येक यंत्राबरोबर थोडी थोडी कमी झाली. आणि ही यंत्रं बनवणारे, चालवणारे आपणच. किराणा दहा मिनिटांत दारात आणणारं अॅप कोणी लिहिलं? आपणच की!

मग करायचं काय? सध्याचं शहाणपण थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी अशा: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लागेल असं काहीतरी. पूर्वी 'सलग दहा मिनिटं तरी हवीतच' अशी अट होती, ती आता काढून टाकलीय. म्हणजे चार मजल्यांचा जिनाही हिशोबात धरला जातो. कंडक्टरचा जिना, लक्षात आलं ना? :)

"पण मी दिवसाचे आठ-नऊ तास बसतोच, त्याचं काय?" २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच दहा लाखांहून जास्त लोकांच्या डेटाचा एकत्रित अभ्यास आला. आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांतही जे रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल करत होते, त्यांच्यात बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका जवळजवळ दिसेनासा झाला. तासभर हे आपल्यासाठी जास्त वाटतं, मान्य. पण त्याखालीही प्रत्येक पायरीवर फायदा आहेच. सगळ्यात मोठी उडी 'काहीच नाही'पासून 'थोडंसं'पर्यंतची.

आणि ते १०,००० पावलांचं काय? तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, कानाला गोड, जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वय असलेल्या सुमारे १७,००० स्त्रियांचा अभ्यास आला, तर त्यांच्यात ४,४०० पावलांपासूनच फरक दिसत होता आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला. तेव्हा घड्याळ फटाके उडवत नाही म्हणून रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालू नका. आमच्या ऑफिसच्या स्टेप चॅलेंजमध्ये एकाने घड्याळ कुत्र्याच्या पट्ट्याला बांधलं होतं. कुत्रा तब्येतीने उत्तम आहे.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे. एक, चालणं हे तपासणीला पर्याय नाही. ब्लडप्रेशर आणि साखर वाढलेली कळत नाही, मोजावी लागते. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर लवकर मोजावी. आधीपासून काही त्रास असेल तर एकदम धावायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारावं. दोन, छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर 'गॅस असेल' म्हणत बसायचं नाही. तडक हॉस्पिटल. गॅसच निघाला तर फक्त एका ईसीजीचे पैसे गेले.

आता मॉरिसचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. स्वतःच्याच आकड्यांवर विश्वास ठेवून हा माणूस लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर पळायला लागला, जेव्हा मोठी माणसं अशी पळत नसत. १९९४ मध्ये त्याने एका लेखात व्यायामाला सार्वजनिक आरोग्यातला 'आजचा सगळ्यात स्वस्त आणि मस्त सौदा' अशा अर्थाचं नाव दिलं. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने क्रीडाविज्ञानासाठीचं पहिलं पारितोषिक त्याला आणि पॅफेनबार्गरला मिळून दिलं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. वय ९९.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मघाशीच म्हटलंय, आणि ते मॉरिसलाही लागू आहे. तो नव्व्याण्णव वर्षं जगला म्हणून त्याचं म्हणणं खरं ठरत नाही. ३१,००० बसवाले, हजारो पोस्टमन आणि १७,००० फायलीवाले यांच्यामुळे ते खरं ठरतं. त्यांतल्या बहुतेकांना आपण कुठल्या अभ्यासात आहोत हे माहीतही नसेल. ते आपले जिना चढत होते, टपाल वाटत होते, खुर्चीत बसत होते, आणि कोणीतरी इमानदारीने रजिस्टर भरत होतं.

असो. बराच वेळ बसून वाचलंत. आता उठा, पाणी पिऊन या. आणि शक्य असेल तर खालच्या मजल्यावर जाऊन. लिफ्टने नाही हं!